चार आवाजांचा देवचंद

मला इंग्रजी येत नाही असं नाही. येतं, पण बोलावल्यावर येत नाही. फाइलवर तीस वर्षं मी इंग्रजीत शेरे मारतो आहे, आणि माझ्या शेऱ्यांवरून जळगावात बऱ्याच गोष्टी अडल्या आणि काही सुटल्यासुद्धा. पण तेच इंग्रजी तोंडानं बोलायची वेळ आली की ते भुसावळ जंक्शनवर उतरून दुसऱ्याच गाडीत बसतं.

आमच्या कार्यालयात दक्षिणेकडचे नवे साहेब आले आणि हे उघडं पडलं. त्यांना मराठी येत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "ही फाइल का लांबली?" मी म्हणालो, "यस सर." ते म्हणाले, "मी कारण विचारतोय." मी म्हणालो, "यस सर." तिसऱ्यांदा मी "यस सर" म्हणालो तेव्हा साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला जायची खूण केली. संध्याकाळी भुसावळला घरी येताना गाडीत मी त्या प्रश्नाची सात उत्तरं तयार केली. सगळी उत्तम होती.

हे मी पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला, प्राचीला, सांगायला नको होतं. तिनं माझ्या वाढदिवसाला 'बोलघडी' नावाच्या ॲपची वर्षाची वर्गणी भरून टाकली. त्यात मिस लिली नावाची संगणकाची बाई होती. रोज तासभर तिच्याशी इंग्रजीत बोलायचं, ती चुका दुरुस्त करायची. तुम्ही बोललेलं सगळं ती लक्षात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे विचारायची. दोन महिन्यांतून एकदा परेरा मॅडम नावाच्या खऱ्या, हाडामासाच्या बाई फोनवर यायच्या. मिस लिलीनं काढलेल्या टिपणांवरून त्या तुमची परीक्षा घ्यायच्या.

सुरुवातीला पडद्यावर नियम आले होते. खाली 'मान्य आहे' असा चौकोन होता. सरकारी नोकर न वाचता सही करत नाही असा लोकांचा एक गैरसमज आहे. मी चौकोनात खूण केली.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग नजीरभाई आले.

नजीरभाई आमचे शेजारी. त्यांच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच. शेरवानी शिवावी तर त्यांनीच, असं भुसावळात मानतात. सावद्याचा एक मुलगा लंडनमध्ये होता, त्याचं लग्न ठरलं होतं. मापं व्हिडिओवर द्यायची, आणि मुलगा बोलणार इंग्रजीत.

"सुरवाडेभाऊ," नजीरभाई म्हणाले, "त्यानं कंबर सांगितली आणि मी छाती समजलो, तर निकाहच्या दिवशी काय होईल? मला चार दिवस त्या मॅडमशी बोलू द्या. इल्म वाटल्यानं कमी होत नाही."

एवढं सुंदर वाक्य ऐकल्यावर पासवर्ड नाकारणं माझ्यानं झालं नाही. माझ्या बायकोच्या मात्र कपाळाला आठी पडली. संघमित्रा सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. जग दोन प्रकारच्या माणसांचं असतं असं ती मानते: पुस्तक वेळेवर परत करणारी आणि उरलेली.

"एका कार्डावर दोघांनी वाचलं तर मी दंड लावते," ती म्हणाली.

"आपला पेपर सकाळी दहाला नजीरभाईंकडे जातो," मी म्हणालो. "तिथून समोरच्या झुंबरअक्कांकडे. त्याला कुणी चोरी म्हणतं का?"

"पेपर एका वेळी एकाच्या हातात असतो. आणि पेपर वाचताना नजीरभाई देवचंद सुरवाडे होत नाहीत. इथं ते तुमच्या नावानं बोलणार."

हा मुद्दा फारसा महत्त्वाचा नाही, असं मी ठरवलं. वादात मी बहुधा असंच जिंकतो.

आता, भिंत एक असली की विद्याही एका घरात राहत नाही. नजीरभाई 'वेस्ट, चेस्ट, शोल्डर' असं मोठ्यानं म्हणायचे, ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भटू महाजनला ऐकू गेलं. भटू रावेरला केळीच्या पॅकिंग हाऊसवर असतो. तिथून खोकी आखाती देशांत जातात आणि तिथला खरेदीदार फोनवर इंग्रजीत तक्रार करतो. "भाऊ, तो काय बोलू राहिला ते कळत नाही, पण रागानं बोलू राहिला एवढं कळतं," भटू म्हणाला. "नजीरभाईंना दिलं, मग मी काय परका?" या प्रश्नाला भुसावळात 'हो' असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

आणि तिसऱ्या आल्या झुंबरअक्का. अक्का समोरच्या घरात एकट्याच राहतात. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा युवराज नाशिकला असतो, सासरवाडीही तिथलीच. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, आणि चाळीस वर्षं भुसावळात काढूनही त्यांनी आपली बोली सोडलेली नाही. त्यांच्या अहिराणीत 'मना' म्हणजे माझा, 'आते' म्हणजे आता आणि 'बठ्ठं' म्हणजे सगळं.

"देवचंदभाऊ, माले बी शिकनं शे," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुम्हाला इंग्रजी कशाला?"

"नाशिकना व्याही-विहीन मनासमोर इंग्रजीमा बोलतस. मी चहा लई गयी का सुरू. आते दोन-तीन महिनामा नातूनं बारसं शे. माले समजाले पाहिजे ना, मनाबद्दल काय बोलतस ते." त्यांनी पदर सावरला. "एकदाव समजनं ना, मंग मी बी असं एक वाक्य सोडसू, का त्या याद ठेवतीन."

हे ऐकून संघमित्रानं दंडाचं नाव काढलं नाही. उलट तिनंच अक्कांच्या फोनवर ते ॲप घालून दिलं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती म्हणाली, "ज्येष्ठ नागरिकांना आमच्याकडे सवलत असते."

ॲप दिवसाला तासभरच चालायचं, म्हणून मी वेळापत्रक केलं. पहाटे रावेरला निघण्याआधी भटू, दहाला नजीरभाई, दुपारी दोनला अक्का आणि रात्रीच्या जेवणाआधी खातेदार. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. वेळापत्रक तीन प्रतींत काढून, सही करून मी वाटलं. ते कुणी पाळलं नाही. संध्याकाळी मी हातपाय धुऊन, वही घेऊन बसलो की मिस लिली हसून सांगायची, "देवचंद, आजचा तुमचा वेळ संपला. आज तुम्ही खूप छान बोललात." हे मला रोज सांगितलं जायचं आणि मी दिवसभरात एक शब्द बोललेला नसायचा.

कधी चार मिनिटं उरलीच तर मिस लिली विचारायची, "देवचंद, डाग पडलेल्या केळीचं काय झालं?" मी वहीत केळी शोधायचो. "बरं, नवरदेवाच्या कमरेचा प्रश्न सुटला का?" मी "यस मॅडम" म्हणायचो. मग तिचा आवाज मऊ व्हायचा. "आणि आज तरी तुम्ही वेळेवर जेवलात ना? एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, असं काल म्हणत होतात." त्या वेळी संघमित्रा माझ्यासमोर गरम भाकरी वाढत असायची.

माझे धडेही बिघडत चालले. मिस लिली विद्यार्थ्याच्या व्यवसायाप्रमाणे वाक्यं शिकवायची. तिच्या समजुतीप्रमाणे मी शिवणकाम करणारा, केळी परदेशी पाठवणारा, नाशिकच्या एका बाईवर दात ठेवून असलेला आणि अधूनमधून कार्यालयात जाणारा इसम होतो. कार्यालयाला त्यात चौथा क्रमांक होता.

याचा परिणाम बैठकीत दिसला. साहेबांनी वार्षिक अहवालाचा मसुदा पुढ्यात टाकला आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "सुरवाडे, तुमचं मत काय?" मी उभा राहिलो. 'यस सर' जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. त्या क्षणी मला इंग्रजीचं एकच पूर्ण, शुद्ध वाक्य आठवत होतं. मी ते बोललो. त्याचा अर्थ, 'सर, कमरेत जरा सैल आहे, पण आत घेता येईल.'

साहेबांनी मसुदा उचलला, मधली पानं चाळली आणि म्हणाले, "अगदी बरोबर. पाच ते नऊ ही पानं सैल आहेत. काढून टाका." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही बोलत का नाही एरवी?"

मी त्या दिवशी घरी येताना नजीरभाईंसाठी जिलेबी आणली. कशासाठी ते त्यांना सांगितलं नाही.

पण सुख फार दिवस टिकेल अशी आमच्या घराची पत्रिका नाही. परेरा मॅडमचा फोन आला. आवाज प्रेमळ, बोलणं सावकाश. त्यांनी मिस लिलीची टिपणं वाचली असावीत, कारण चार वाक्यांनंतर त्यांनी हळूच विचारलं, "तुमचे पती गेल्याला किती वर्षं झाली?" मी म्हणालो, "यस मॅडम." मग त्या म्हणाल्या, "स्वतःची काळजी घ्या," आणि फोन ठेवला.

आणि पुढच्याच शनिवारी सकाळी प्राची कसलीही सूचना न देता, पाठीला बॅग लावून दारात उभी. चेहरा ओढलेला. मला तिनं खुर्चीत बसवलं, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"शनिवार. का?"

"तुम्ही कुठे नोकरी करता?"

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

"माझं नाही," ती म्हणाली आणि आईकडे पाहिलं. "आई, जळगावात एक मेंदूचे डॉक्टर आहेत. मी दुपारची वेळ घेतली आहे."

तेव्हा कळलं की वर्गणी तिनं भरल्यामुळे माझ्या प्रगतीचा रोजचा अहवाल तिला जात होता. तिनं फोन काढून वाचायला सुरुवात केली. "सोमवार, 'माझी खोकी बंदरावर अडकली आहेत.' मंगळवार, 'माझी छाती बेचाळीस आहे, पण लग्नापर्यंत मी बारीक होईन.' बुधवार, 'मला एका बाईचा नम्रपणे अपमान करायचा आहे.' कोणती बाई, बाबा? आणि हे गुरुवारचं." तिचा आवाज बदलला. "'मी अजून दोन ताटं घेतो, मग एक परत ठेवतो.' हे मी बसमध्ये वाचलं. सगळ्यांसमोर रडले मी. मला वाटलं, आई तुमच्याशी बोलत नाही की काय."

संघमित्रा सरळ उभी राहिली. "मी बोलत नाही?" ती म्हणाली. "मी गेले दोन महिने बोलतेच आहे, की हे असं करू नका."

मग मला सगळं सांगावं लागलं. मला वाटलं होतं प्राची हसेल. ती हसली नाही. "मी ते तुमच्यासाठी घेतलं होतं," एवढंच म्हणाली. "रोज ऑफिसला जाताना वाचायचे. वाटायचं, बाबांच्या मनात इतकं काय काय आहे आणि मला कधी कळलंच नाही."

मुलीनं दिलेली भेट मी चार ठिकाणी वाटली होती, याचं मला आतापर्यंत कौतुकच वाटत होतं. त्या क्षणी ते कौतुक कुठे गेलं ते कळलं नाही. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ रद्द केली. ते का रद्द करताय असं विचारत होते. प्राचीनं सांगितलं, पेशंट बरा आहे, नुसता उदार आहे.

दुपारीच बोलघडीच्या कंपनीचं पत्र आलं. संकटं आमच्याकडे नेहमी जोडीनं येतात. पत्रात म्हटलं होतं की माझ्या खात्यावर चार वेगवेगळे आवाज आढळले आहेत, खातं एकाच व्यक्तीसाठी आहे; तरी 'हे सर्व आवाज माझेच आहेत' असं प्रतिज्ञापत्र सात दिवसांत भरून द्यावं, अन्यथा खातं बंद होईल.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर सभा भरली. प्राचीही दाराला टेकून उभी होती.

"एकदम सोपं आहे," भटू म्हणाला. "लिहून द्या, मला सर्दी होती. सर्दीत आवाज कसाही होऊ शकतो."

"दोन महिने सर्दी?" संघमित्रा म्हणाली.

"दीपनगरच्या वीजकेंद्राच्या राखेनं होते की."

नजीरभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "झूठी कसम नका खाऊ भाऊ. पण खरं सांगायची घाई पण नका करू. सात दिवस आहेत ना? सहा दिवस शिकून घेऊ, सातव्या दिवशी खरं बोलू." हा तोडगा मला कायदेशीर वाटला. मी मान डोलावणार तोच अक्का बोलल्या.

"नको भाऊ. मना आवाजवर तुमनं नाव, हाई काय बरं नही. मी बठ्ठं मना मननं बोलेल शे तिच्याजवळ."

"पण अक्का, बारसं बारा दिवसांवर आलंय," मी म्हणालो. "खातं बंद झालं तर तुमचं वाक्य?"

"वाक्यनं काय ते देखसू," अक्का म्हणाल्या आणि उठून समोर निघून गेल्या. दोनदा आपल्या उंबऱ्यावर अडखळल्यासारख्या थांबल्या, मग दार लावून घेतलं. सभा आपोआप मोडली.

मी टेबलाशी बसलो. प्रतिज्ञापत्र पडद्यावर होतं, चौकोन होता, एक खूण केली की झालं. पण दाराशी प्राची उभी होती. मी प्रतिज्ञापत्र बाजूला ठेवून पत्र लिहायला घेतलं. इंग्रजीत, स्वतःच्या डोक्यानं. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, 'उपरोक्त विषयास अनुसरून' याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना म्हणून ते गाळलं. मग लिहिलं की चारांपैकी एकच आवाज माझा आहे आणि तो सगळ्यात कमी बोललेला आहे. बाकीचे तिघं माझ्या सांगण्यावरून बोलले. चूक माझी आहे. त्यांना बोलायची गरज माझ्यापेक्षा जास्त होती, हे कारण नाही, फक्त माहिती आहे.

संघमित्रानं पत्र वाचलं, एका क्रियापदाला 's' लावला आणि म्हणाली, "पाठवा."

दोन दिवसांनी परेरा मॅडमचा फोन आला, वेळापत्रकाबाहेर. त्या म्हणाल्या, "नियमानं खातं बंद होईल. ते माझ्या हातात नाही. पण मला पहिल्याच फोनला कळलं होतं. पती कधी गेले असं विचारल्यावर 'यस मॅडम' म्हणणारा माणूस विधवा नसतो." मग त्यांनी विचारलं, "ती दोन ताटांची बाई कोण आहे? तिला सांगा, या वर्षीची माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी ती आहे."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमचं पत्र चांगलं होतं," मॅडम म्हणाल्या.

खातं बंद झालं. मी रस्ता ओलांडून अक्कांना निरोप सांगितला. अक्का परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही, पण पीठ उगीचच बराच वेळ मळलं. मग म्हणाल्या, "आते कोनजवळ बोलसू?"

त्याच संध्याकाळी सहा वाजता आम्ही ओट्यावर बसलो. युक्ती कुणाची होती ते आज प्रत्येक जण आपली म्हणून सांगतो. नियम साधा होता: तासभर चौघांनी एकमेकांशी फक्त इंग्रजीत बोलायचं. संघमित्रा वाचनालयातून शब्दकोश घेऊन आली, स्वतःच्या कार्डावर. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांना फक्त तब्येत विचारली. तिसऱ्या दिवशी भटूनं खरेदीदार होऊन अक्कांवर डागाळलेल्या केळीचा आरोप केला. अक्कांनी त्याला असं झापलं की नजीरभाईंनी उठून टाळ्या वाजवल्या. कोण बरोबर बोलतंय हे ठरवायला कुणीच नव्हतं, त्यामुळे आम्ही झपाट्यानं सुधारलो. रस्त्यानं जाणारी माणसं थबकायची. सुरवाड्यांच्या ओट्यावर काहीतरी भरती चालू आहे, अशी गल्लीत बातमी होती.

अक्कांचं वाक्यही आम्ही तयार केलं. त्यात अपमान होता, नम्रपणा होता, आणि शेवटी 'थँक यू' होतं. अक्का ते पाठ म्हणायच्या तेव्हा मलाच नाशिकच्या विहीणबाईंची दया यायची. बारशाला निघताना आम्ही तिघं अक्कांना स्टेशनवर पोचवायला गेलो. नजीरभाईंनी बाळासाठी मखमली टोपडं दिलं, भटूनं केळीचं खोकं, आणि मी ऐन गाडी सुटताना खिडकीतून सांगितलं, "अक्का, 'थँक यू'च्या आधी जरा थांबा."

त्या तिसऱ्या दिवशी परत आल्या. संध्याकाळी सहाला आम्ही ओट्यावर वाटच पाहत होतो. प्राचीचाही फोन येऊन गेला होता, काय झालं म्हणून. अक्का आल्या, नेहमीच्या जागी बसल्या, बाळाचा रंग, नाव, जावळ सगळं सांगितलं. आम्ही ऐकलं, पण लक्ष नव्हतं.

शेवटी भटूला राहवलं नाही. "अक्का, ते दोघं बोलले का इंग्रजीत?"

"हां, बोलनात. मी चहा लई गयी आन् सुरू."

"मग कळलं?"

"समजनं," अक्का म्हणाल्या. "बठ्ठं समजनं."

"तुमच्याबद्दल?"

अक्कांनी मान हलवली. "मनाबद्दल काहीच नव्हतं. एकदाव बी नही." त्यांनी आवाज खाली आणला. "त्यासना घरमा काही दुख शे. दोघं जन आपसमा बोलतस. मी आयकाले नको, म्हनीसन इंग्रजी. आन् हासतस ते बी उगाच, देखाडाकरता."

"मग आपलं वाक्य?" मी विचारलं.

"ते ऱ्हाई गयं. मी चहा ठेवा आन् माले काहीच समजनं नही, अशी उभी ऱ्हायनू. मंग विहीनना हात धरीसन सांगं, कधीमधी भुसावळले या."

नजीरभाई मापाची फीत बोटाला गुंडाळत राहिले. मी दुसऱ्या दिवशी साहेबांशी इंग्रजीत काय बोलायचं याचा विचार करू लागलो, पण तो जमेना. भटू मात्र केळीच्या धंद्यातला माणूस. माल अर्धवट पाहून तो गप्प बसत नाही.

"पण अक्का, दुःख काय होतं नेमकं? आम्हाला सांगा ना. आम्ही काय परके?"

"ते त्यासना घरनं शे, भटू," अक्का म्हणाल्या. "ते वाटानं नही."

"थोडंसं तरी."

"नो," अक्का म्हणाल्या. उच्चार बिनचूक होता.